राणीसरकारांचा दमा

कुजबुज्याला आज फक्त गप्प बसायचं होतं, आणि तेच त्याला जमण्यातलं नव्हतं. नाटक मंडळीत उभा जन्म विंगेत प्रॉम्प्टर म्हणून काढलेला माणूस तो. कुणी अडखळलं की याच्या तोंडून पुढचं वाक्य सुटलंच! म्हणून बायकोने बजावलं होतं, "अहो, जीभ चावा, पण तोंड उघडू नका."

बायको म्हणजे मंडळीतल्या राणीसरकार. स्टेजवर तलवार उपसायच्या आणि घरी जिना चढताना पंप शोधायच्या. गेल्या थंडीत दम्याने त्यांना हॉस्पिटल दाखवलं, तेव्हापासून आरोग्य विमा हवाच होता. पण दम्याचं नाव काढलं की कंपन्या दार लावून घ्यायच्या. म्हणून या खेपेला दमा गिळायचं ठरलं होतं.

राणीसरकारांचा भाऊ विमा एजंट. तो बिचारा हात जोडून सांगत होता, "ताई, खरं सांग गं. ही कंपनी आधीचे आजारही घेते. लपवलंस आणि उद्या अ‍ॅडमिट झालीस, तर दमडी मिळणार नाही." ताई कसली ऐकते!

फोन वाजला. पॉलिसी देण्याआधीच्या चौकशीसाठी कंपनीची डॉक्टर बोलत होती. भावाने स्पीकर लावला. वय, वजन, ऑपरेशनं... राणीसरकार अशा ठसक्यात उत्तरं देत होत्या की कुजबुज्याला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

"श्वासाचा काही त्रास? दमा वगैरे?"

राणीसरकार थांबल्या. जन्मभर दुसऱ्याची वाक्यं खरी करून बोललेली बाई, पण हे साधं 'नाही' घशातच अडकलं. असं अडखळणं कुजबुज्याला कधीच सोसलेलं नव्हतं.

"दमा आहे, लहानपणापासून," तो कुजबुजला.

"दमा आहे, लहानपणापासून!" राणीसरकार खणखणीत बोलून गेल्या.

"पंप रोज घ्यावा लागतो."

"पंप रोज घ्यावा लागतो!"

"गेल्या थंडीत अ‍ॅडमिट होते."

"गेल्या थंडीत अ‍ॅडमिट होते!"

भावाने उशीत तोंड खुपसलं. मग राणीसरकारांना भान आलं, आणि त्यांनी नवऱ्याकडे जी नजर टाकली, त्या नजरेने तिसऱ्या अंकात प्रधानाचं मुंडकं उडायचं.

"सांगितलंत ते बरं केलंत," डॉक्टर म्हणाली. "हप्ता थोडा चढेल, पण आमच्याकडे दमा पहिल्या दिवसापासून धरतात."

राणीसरकारांनी भावाचा गालगुच्चा घेतला, नवऱ्याच्या पाठीत गुद्दा हाणला आणि खुर्चीभोवती एक गिरकीही मारली.

"आता यजमानांना द्या. पॉलिसी दोघांची आहे ना? तुम्हाला काही त्रास?"

कुजबुज्याची बोबडी वळली. हल्ली जिन्यावर त्याच्या छातीत कळ यायची. मग तो बुटाची लेस बांधायच्या निमित्ताने वाकून बसायचा. घरात याचा कुणाला पत्ता नव्हता. निदान त्याला तसं वाटत होतं.

कानाशी गरम श्वास आला.

"जिना चढताना छातीत कळ येते," राणीसरकार कुजबुजल्या. "आणि लेस सुटलेली नसतेच."

त्याने वळून पाहिलं. त्या हसत होत्या, पण डोळे भरून आले होते. त्यांनी कोपर मारलं. कुजबुज्याने घसा खाकरला.

"जिना चढताना छातीत कळ येते! आणि लेस सुटलेली नसतेच!"

डॉक्टरला लेसचं काही उमगलं नाही, पण तिने त्याला दुसऱ्याच दिवशी तपासणीला बोलावलं. राणीसरकारांनी नवऱ्याचा हात घट्ट धरून ठेवला होता.

"अहो," त्या म्हणाल्या, "मोठ्याने बोलता येतं की तुम्हाला!"