राहिलेल्या तीन काड्या

"सात," शेफालीने भाताच्या पेंढ्याच्या काड्या बाकावर ओळीने मांडल्या. "मोजा, टीचर."

तनुजाने मोजल्या. सातच होत्या, सगळ्या सारख्या लांबीच्या. समोर फळांच्या खोक्याची केलेली गव्हाण होती. संडेस्कूलच्या मुलांना नियम तनुजानेच घालून दिला होता: आठवड्यात जितक्या वेळा धीर धरला, तितक्या काड्या गव्हाणीत टाकायच्या. नाताळपर्यंत बाळ येशूचं अंथरूण मऊ व्हायला हवं. बाकीची मुलं दोन-तीन काड्या टाकत, त्याही डोकं खाजवून आठवत. सात वर्षांच्या शेफालीच्या दर रविवारी सात असत.

"कशाच्या?" ते वर्गासमोर सांगायचं, हाही नियमच.

"एकही दिवस विचारलं नाही, मम्मी कधी येणार ते."

"शाब्बास. धीर धरणाऱ्याला देव रिकाम्या हाताने पाठवत नाही," तनुजा म्हणाली आणि गव्हाण उगाच सरळ केली.

शेफालीच्या आईने दिवाळीनंतर दुसरं लग्न केलं होतं. नव्या घरात मुलगी नको होती. इथून, विश्रांतवाडीहून, तिचं वाघोलीचं घर रिक्षाने तासाभराच्या वाटेवर, पण तिकडून इकडे कुणी यायचं नव्हतं. चर्चच्या सगळ्या मंडळीला हे ठाऊक होतं. पहिल्याच रविवारी शेफालीच्या आजीने, आनंदीबाईंनी, तनुजाला चर्चच्या पायरीवर गाठलं होतं.

"नाताळ होऊ दे. मग मी सांगेन तिला. तोवर मम्मी कामाला गेलीय, असंच म्हणा."

"पण आनंदीबाई, देवाच्या घरात मी खोटं कसं..."

"तुम्ही आठवड्यातून एक तास बोलता, बाई. उरलेला आठवडा ती माझ्यापाशी असते."

'मम्मी कामासाठी लांब गेलीय, येईल हं,' हे वाक्य पहिल्या रविवारी तनुजाने अडखळत म्हटलं. तिसऱ्या रविवारी ते सहज आलं. आज चौथा होता.

"टीचर, हे चीटिंग आहे!" मागच्या बाकावरून आमोद उठला. त्याच्या हातात एकच काडी होती. "तिची मम्मी येणारच नाहीये. तिचं लग्न झालं. आम्ही वाघोलीला जेवायला गेलो होतो, गुलाबजाम होते. मग हिचा धीर कसला?"

"आमोद, खाली बस."

"पण खरं आहे ना, टीचर?"

"खाली बस म्हटलं ना!"

तनुजा शेफालीजवळ गुडघ्यांवर बसली आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. "शेफाली, बाळा..."

"मला माहितीये," शेफाली म्हणाली. तिने हात झटकला नाही, पण अंग ताठ केलं. "आजी फोनवर बोलत होती. तिला वाटलं, मी झोपलेय."

"कधी?"

"केव्हाच. तुम्ही काड्या सुरू केल्या त्याच्याआधी."

"मग आजीला विचारलं का नाहीस?"

"विचारलं की आजी बाथरूममध्ये जाते आणि नळ सोडते."

आमोद खाली बसला. तनुजाच्या हातात आजच्या पाठाचा कागद होता. तिने त्याची घडी घातली, मग त्या घडीची घडी.

शेफालीने सातही काड्या गव्हाणीत टाकल्या. मग ती कोपऱ्यातल्या पेंढ्यापाशी गेली, निवडून तीन काड्या काढल्या, आधीच्यांच्या मापाने तोडल्या आणि परत आली.

"या टाकायच्या राहिल्या होत्या."

"या कशाच्या?" तनुजाने सवयीने विचारलं.

आजी आली नाही ना, हे दाराकडे पाहून शेफालीने आवाज हळू केला, तरी वर्गाला ऐकू गेलंच.

"तीन रविवार तुम्ही सांगितलंत, मम्मी येईल. तेव्हा मी काहीच बोलले नाही."

सगळी मुलं तनुजाकडे बघत होती. शेफालीही बघत होती, काड्या पुढे धरून, परवानगीची वाट पाहत.

तनुजाने गव्हाण तिच्याकडे सरकवली.