तळहाताखालची फुली

पक्षाघाताचा झटका येऊन गेल्यावर गोव्यातल्या मांद्र्याच्या रुक्मिणीबाईंना हळूहळू चालता येऊ लागलं, पण शब्द आठवेनात. नवरा कृष्णनाथ त्यांना दर आठवड्याला स्कूटरवरून पेडण्याला अश्विनीकडे आणायचा. अश्विनी स्पीच थेरपिस्ट. अशा पेशंटांसाठी पणजीच्या एका संस्थेनं चित्रांच्या सरावाची वेबसाइट काढली होती. चित्र पाहून पेशंटनं नाव सांगायचं. वेबसाइट ते ऐकून बरोबर की चूक ते दाखवायची.

ती वापरात कशी आहे ते पाहायला ती बनवणारा जयराम एकदा आला आणि मागच्या बाकावर बसून पाहत राहिला. प्रत्येक चित्राला अश्विनी पडद्याचा खालचा भाग तळहातानं झाकत होती. खुर्चीचं चित्र आलं. रुक्मिणीबाई बराच वेळ चाचपडल्या आणि म्हणाल्या, "कदेल." अश्विनीनं हसून मान डोलावली, पण लॅपटॉपमधून चुकल्याचा आवाज आलाच. बाईंचा चेहरा पडला. नंतर त्यांनी तोंडच उघडलं नाही.

दोघं गेल्यावर जयरामनं तळहाताचं विचारलं.

"लाल फुली दिसू नये म्हणून," अश्विनी म्हणाली. "त्यांच्या घरी खुर्चीला कदेलच म्हणतात. त्यांना शब्द सापडला होता. तुमच्या वेबसाइटला तो ठाऊक नव्हता."

आवाज बंद करायची सोय कुठंतरी आत होती. पेशंट समोर असताना ती शोधत बसणं तिला जमत नव्हतं. जयराम ओशाळला. संस्थेत सगळ्यांनी त्या फुलीचं कौतुक केलं होतं, थेरपिस्टना मात्र कोणी विचारलं नव्हतं. मग दोघांनी तिथंच बसून नवं पान आखलं. फुली नको, आवाज नको. उत्तर बरोबर की नाही ते थेरपिस्ट ठरवणार, आणि घरचे शब्द तिला तिथंच भरता येणार.

गणपतीच्या चवथीनंतर नवं पान सुरू झालं. रुक्मिणीबाई खुर्चीला कदेल म्हणाल्या, खिडकीला जनेल म्हणाल्या, आणि न अडखळता पुढं गेल्या. मग बांगडा माशाचं चित्र आलं. त्या वाकून निरखत राहिल्या.

"बांगडो," त्या म्हणाल्या. मग नाक मुरडून, "शिळो."

झटक्यानंतर दोन शब्द त्यांनी पहिल्यांदाच जोडले होते. कृष्णनाथ पुढं सरकला आणि चित्रातल्या माशाचे डोळे पाहू लागला. "दोळे तांबडे जाल्यात ताचे," तो म्हणाला. "सारकें सांगता ती."

अश्विनीनं पुढचं चित्र लावलं नाही. ताजा बांगडा कसा ओळखायचा, असं तिनं बाईंना विचारलं. बाईंनी पडद्यावर माशाच्या कल्ल्यांपाशी बोट ठेवलं आणि त्या शब्द शोधू लागल्या.