गळ पाण्यात आहे

तळ्यावर आठवडाभर राहायचं ठरलं, तेव्हा प्रीतमने बायकोला छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, “तुला कशालाच हात लावायला लागणार नाय. तिकडे जेवण करायला बाई आहे. तू फक्त बसायचंस.” रसिकाने ते खरं मानलं. इतकी वर्षं संसार केलेल्या बाईने असलं काही खरं मानावं, यात चूक कोणाची हे आपण न बोललेलं बरं.

पण तिचा तरी काय दोष? ठाण्याजवळच्या दिवा गावात, त्यांच्या घरी, पाणी पहाटे येतं, आणि येतं तेव्हा पाहुण्यासारखं घाईत असतं. त्याच्याआधी उठायचं, पिंपं भरायची, डबे करायचे, कोलशेतच्या कंपनीत दिवसभर बिलं काढायची आणि घरी येऊन पुन्हा पोळपाट. तिला आजार कोणताच नव्हता. ती दमली होती, एवढंच. रात्रभर झोपूनही सकाळी दमलेलीच उठायची. समुद्र, डोंगर, देवदर्शन, काही नको होतं तिला. एक दिवस कोणी हाक न मारता बसायला मिळावं, एवढी एकच गोष्ट तिला हवी होती, आणि ती तळ्यावर मिळेल म्हणून ती दोन महिने रजेसाठी साहेबाच्या मागे लागली होती.

तळं मुरबाडच्या पुढे, काळुरामच्या शेतात. काळुराम पूर्वी डोंबिवलीच्या एका केमिकल कंपनीत रसिकाच्या सासऱ्यांबरोबर, म्हणजे दगडूंबरोबर, पाळीला असायचा. नोकरी सोडून तो गावी गेला, तळं खोदलं, त्यात कटला, रोहू आणि मागूर सोडले आणि काठावर दोन खोल्या बांधल्या. दगडू लहानपणी कोकणात नदीवर गळ टाकून बसायचे. निवृत्त झाल्यापासून त्यांना पुन्हा तेच वेड लागलं होतं.

रिक्षातून सामान उतरवताना रसिकाने विचारलं, “बाई कधी येते हो, जेवण करायला?”

काळुराम गोंधळला. “वहिनीच फोनवर बोलल्या ना, बाई नको म्हणून!”

वहिनी म्हणजे गोदूबाई, रसिकाच्या सासूबाई. त्या पिशवीतून नारळ काढत होत्या. मग कोकम निघालं, मालवणी मसाला निघाला, तिरफळं निघाली. “बाई कशाला?” त्या म्हणाल्या. “आमच्या रसिकाच्या हाताला चव आहे.” हे त्यांनी कौतुकानेच म्हटलं, आणि कौतुकाला उलट उत्तर देता येत नाही. रसिकाने पदर खोचला आणि शेगडी कुठे आहे ते बघितलं. पळसाला पानं तीनच.

पहिल्याच दिवशी कटला लागला, चांगला हातभर. प्रीतमने फोटो काढले, लेक सान्वीने नाचून घेतलं, दगडूंनी मिशीवरून हात फिरवला, आणि सगळ्यांचं कौतुक करून झाल्यावर मासा नळाखाली येऊन पडला. दुसऱ्या दिवशी रोहू आणि दोन मागूर. मागूर हा मासा मरायलाही वेळ लावतो. बुळबुळीत अंग, राख घेतल्याशिवाय हातात राहत नाही, आणि गाफील राहिलात तर गालाजवळचा काटा मारतो. दोघी सासवासुना नळाशी उकिडव्या बसून खवले काढायच्या. गोड्या पाण्यातल्या माशाला चिखलाचा वास येतो अशी गोदूबाईंची तक्रार, म्हणून प्रत्येक तुकडा चिंच लावून चोळायचा. रसिका मान वर करून त्यांच्याकडे बघायचीसुद्धा नाही. जिने बाई नको म्हटलं, ती ही, एवढंच तिला दिसत होतं.

आणि पुरुषमंडळी? ती काठावर. दगडूंच्या वडिलांनी घालून दिलेला एक नियम त्यांच्या घरात होता: गळ पाण्यात असला की माणसाला हाक मारायची नाही. हाक पाण्यात उतरते आणि मासा निघून जातो. नियम देवापुढच्या दिव्यासारखा, न चुकता पाळायचा. पाणी आणून दे म्हणायला जावं, तर गळ पाण्यात. नारळ खवून दे म्हणावं, तर गळ पाण्यात. प्रीतम तसा वाईट माणूस नव्हता, मागितलं असतं तर त्याने नारळ खवलाही असता. पण मागणार कसं? गळ सकाळी पाण्यात पडायचा तो जेवायच्या हाकेपर्यंत. जेवायची हाक मारलेली मात्र चालायची, त्या हाकेने मासा कधी गेला नाही.

तिसऱ्या दिवशी रसिकाने लेकीला लसूण सोलायला बोलावलं. सान्वी दहा वर्षांची, पण आजोबांची नात. तिने वाटीकडे एकदा बघितलं, धावत जाऊन आजोबांची छोटी काठी उचलली, गळ पाण्यात टाकला आणि ओठांवर बोट ठेवलं.

“मम्मी, शू! गळ पाण्यात आहे.”

“पोरीला हाक मारू नको गं,” दगडू कुजबुजले.

रसिका लसणाची वाटी घेऊन उभी राहिली. आधी तिचं डोकं तडकलं. मग ती बराच वेळ सान्वीच्या काठीकडे बघत राहिली.

चौथ्या दिवशी भाकऱ्या झाल्यावर तिने हात धुतले, प्रीतमची जादा काठी उचलली आणि तळ्याच्या पलीकडे करंजाखाली जाऊन बसली. गळ पाण्यात टाकला. आमिष लावलंच नाही. आमिष लावलं तर मासा लागेल, मासा लागला तर तो साफ करायला लागेल, आणि साफ कोण करतं हे एव्हाना तळ्यातल्या माशांनाही माहीत झालं होतं.

“रसिकाऽ! मीठ कुठे ठेवलंयस?” प्रीतमची हाक आली.

तिने पाण्याकडे बोट दाखवलं. आणि दगडूच प्रीतमवर खेकसले, “अरे बोंबलतोस काय? तिचा गळ पाण्यात आहे!”

इतकं सोपं होतं. तिला आनंद झाला आणि मग रागच आला, की इतकं सोपं होतं. बसली खरी, पण बसणं जमेना. मन सारखं दिव्याला पळत होतं: पिंपाचं झाकण लावलं का, सान्वीचा गणवेश, सोमवारची बिलं. हळूहळू ते सगळं मागे पडलं. पाण्यावर ऊन हललं, एक बगळा उडाला, आणि तिला रडू आलं. दुःख कसलंच नव्हतं. खूप वेळ उचललेलं ओझं खाली ठेवल्यावर हात थरथरतात, तशातलं ते रडणं होतं. तिने ते पुसलं नाही. बघणारं कोणी नव्हतं.

त्या दिवशी तिला मासा मिळाला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. “काय सूनबाई, माशांनी बहिष्कार घातला काय?” दगडू चिडवायचे. ती हसून सोडून द्यायची.

मग एका दुपारी बांधावरून गोदूबाई येताना दिसल्या, गुडघ्यावर हात टेकत टेकत. रसिकाला वाटलं, आता संपलं. सासूबाई जवळ आल्या, वाकल्या आणि काही न विचारता त्यांनी दोरी ओढून वर घेतली. गळ उन्हात लखलखला, अगदी कोरा.

“आमिष पडलं काय गं?”

“लावलंच नाय, आई.”

रसिका उत्तराच्या तयारीने बसली होती. बाई नको कोणी म्हटलं, हे आज तोंडावर विचारायचं तिने ठरवलं होतं. पण गोदूबाईंनी गळ परत पाण्यात सोडला आणि कण्हत तिच्या शेजारी बसल्या.

“त्या बाईला मी नको बोल्ले,” त्या म्हणाल्या. “मला वाटलं, ती बोलेल, दोन दोन बायका घरात असून जेवण बाहेरच्या बाईकडून. लाज वाटली.” मग पाण्याकडे बघत, “चूक झाली गं. मी पण दमते. पण बसायचं कसं तेच येत नाय मला.”

रसिकाचा राग होता तिथे होता, पण त्याला आता धार राहिली नाही.

“सरक,” गोदूबाई म्हणाल्या. “काठी कशी धरतात ती?”

रसिकाने त्यांचा हात काठीवर ठेवला. मागुराच्या काट्याची जखम अंगठ्यावर लाल होती, भेगांत हळद बसली होती. चार दिवस नळाशी शेजारी बसूनही तिने तो हात नीट पाहिला नव्हता. दोघी एकाच काठीला धरून बसल्या. जरा वेळाने रसिकाच्या खांद्यावर वजन आलं. सासूबाई झोपल्या होत्या.

खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं नाही. आठवड्यात मिळालेल्या दोन-तीन दुपारींतली ही एक, तीही उशी होण्यात चालली. खांदा आखडला, हाताला मुंग्या आल्या. पण ती हलली नाही.

प्रीतम चपला हातात घेऊन, पाय न वाजवता आला. आईला बघून त्याचा चेहराच उतरला.

“आईला काय झालं? ताप आहे?”

“नाय. झोपल्यात.”

“दिवसा?” आईला दिवसाउजेडी झोपलेली त्याने आजवर पाहिली नव्हती. “बरं नाय काय तिला? काळुरामकाकांना गाडी काढायला सांगू?”

“काही नको. दमल्यात त्या.”

“कशानं?”

त्याने हे काळजीने विचारलं, अगदी मनापासून, आणि रसिकाला त्याचाच जास्त त्रास झाला. उत्तरं पुष्कळ होती. पण सगळी मोठ्या आवाजात द्यायची होती, आणि खांद्यावर झोपलेलं माणूस होतं.

तेवढ्यात पलीकडून दगडूंचा आवाज आला, “अगो, चहा टाक गो!”

गोदूबाईंनी डोळे उघडले नाहीत. झोपेतच त्या म्हणाल्या, “आले हां, आले,” आणि काठी सोडून, मिटल्या डोळ्यांनीच, जमिनीवर हात टेकून उठू लागल्या.

प्रीतम बघत राहिला. मग तो पटकन खाली बसला आणि त्याने दोन्ही हातांनी आईचे खांदे धरले.

“झोप, आई,” तो म्हणाला. “मी जातो.”

त्या पुन्हा रसिकाच्या खांद्यावर कलंडल्या. प्रीतम उठला आणि चपला तिथेच विसरून खोल्यांकडे गेला. चहाची पावडर कुठे आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. रसिकाने सांगितलं नाही.