एझ्राला सीसीत ठेवून

ओहायोत शनिवारचे संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा इथे सिंगापूरच्या पुंगोलमध्ये रविवारचे सकाळचे सात वाजलेले असतात. म्हणून ऑक्टोबरातल्या रविवारी मी दूध तापत ठेवतो, लॅपटॉप ओट्यावर उभा करतो आणि अमेरिकन फुटबॉलचा सामना लावतो. चेंडू हातात घेऊन पळायचा तो फुटबॉल. दूध दर दोन रविवारांतून एकदा उतू जातं.

मोठ्या विद्यापीठांचे सामने नव्हेत, ते सगळं जग बघतं. मी बघतो तिसऱ्या विभागातली कॉलेजं. स्टेडियमच्या नावाखाली एक गवताचा उतार, छपरावर कॅमेरा धरून कुडकुडणारी कुणीतरी विद्यार्थिनी, आणि वारा सुटला की नुसता वाराच ऐकू येतो. अशाच एका गावात मी एम.एस. केलं आणि दोन वर्षं तिथल्या संघाला सामन्यांच्या क्लिप्स कापून दिल्या. तेव्हापासून मला खेळाडूंत फारसा रस उरला नाही. मला ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर बघायचा असतो, म्हणजे आपला संघ चढाई करत असताना दर चाळीस सेकंदांनी पुढची चाल ठरवणारा माणूस. गेली सात वर्षं मी ब्लॉगवर यादी काढतो: खालच्या विभागांतले, पुढे जातील असे दहा कोऑर्डिनेटर. वाचक अकराशे. पण त्यांत माणसं नेमणारे काही आहेत, आणि माझ्या यादीतले चौघं आज वरच्या विभागांत पोचलेत. माझी बायको प्रणिता याला ‘सारंगचं वधूवरसूचक मंडळ’ म्हणते.

यंदा यादीत पहिला होता विलोबँक कॉलेजचा ब्रेंट हॉलोवे. हंगाम संपला, डिसेंबर उजाडला, आणि दुसऱ्या विभागातल्या एका विद्यापीठाच्या क्रीडा संचालिकेची मेल आली. सोमवारी त्यांची समिती हॉलोवेची मुलाखत घेणार होती. तुमचा पहिला क्रमांक अजून तोच आहे का, एवढंच बाईंना विचारायचं होतं.

इतक्या मोठ्या जागेवरून मला कुणी विचारल्याचा आनंद व्हायला हवा होता. पण त्या दिवसांत माझं चित्तच थाऱ्यावर नव्हतं. आमची टीम मार्चमध्ये बंद होणार होती. अकरा वर्षांपूर्वी मला हिंजवडीतून इथे आणणारे श्रीनिवास सर सिडनीला जाणार होते आणि सोबत कुणाला न्यायचं याची यादी करत होते. यादीत ज्याचं नाव नाही त्याची नोकरी जाणार. नोकरीबरोबर एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे इथे राहायचा परवाना जाणार, आणि पासबरोबर आमच्या मुलीची, अवनीची शाळा, फ्लॅट, सगळंच. दोन आठवडे मी सरांच्या केबिनच्या काचेकडे बघत बसलो होतो. वर रागही होता. माल कुठल्या मार्गानं पाठवायचा ते ठरवणारी आमची सिस्टिम मी लिहिलेली, आणि तिचं बक्षीस घ्यायला स्टेजवर सर गेले. माइकवर म्हणाले, ही कल्पना त्यांना शॉवरखाली सुचली. मी तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या, तेही जोरात.

शनिवारी सकाळी बाईंना ‘हो’ लिहिण्यापूर्वी एकदा खात्री करावी म्हणून विलोबँकच्या जुन्या सामन्यांची रेकॉर्डिंग्ज काढली. चढाईच्या वेळी मैदानाच्या काठावर तिघंजण हातवारे करत उभे असतात. एकाच्या खुणा खऱ्या, बाकी दोघांच्या प्रतिस्पर्ध्याला फसवण्यासाठी. विलोबँकच्या खऱ्या खुणा करायचा एझ्रा टकेट नावाचा एक अर्धवेळ प्रशिक्षक. हॉलोवे त्याच्या शेजारी उभा, हातात चालींचा मोठा लॅमिनेट केलेला कागद. तो तोंडापुढे धरून बोलायचा. मी आजवर त्या कागदाकडेच बघत आलो होतो. त्या दिवशी का कोण जाणे, हातांकडे बघितलं.

हॉलोवेचं बोट कागदावर अजून फिरत होतं आणि एझ्राच्या खुणा करून झाल्या होत्या.

मी मागे घेऊन परत लावलं. मग दुसरा सामना, मग तिसरा. सगळीकडे तेच. हॉलोवे शोधायचा, मान हलवायचा, रुबाबात उभा राहायचा, आणि चाल तोवर खेळाडूंपर्यंत पोचलेली असायची. हंगामात एका सामन्याला एझ्रा नव्हता, त्याचे वडील वारले होते. एरवी पस्तीस-चाळीस गुण करणाऱ्या विलोबँकनं त्या दिवशी सहा केले.

घरात बसवेना. खाली उतरलो आणि एलआरटीत जाऊन बसलो. आमच्या पुंगोलची ही दोन डब्यांची गाडी वर्तुळात फिरते, कुठेच जात नाही. मी दोन फेऱ्या मारल्या. डोळ्यांपुढे तो कागद होता, आणि खरं सांगायचं तर तो कागद धरलेला माणूस मला हॉलोवेसारखा दिसतच नव्हता. तो शॉवरखाली उभा होता.

घरी येऊन मेल लिहिली. अकरा वर्षं ऑफिसात काढलेला माणूस लिहितो तशी: मुद्दे, क्रमांक, मिनिट-सेकंदासकट बावीस क्लिप्स. शेवटी ठळक अक्षरांत, ‘या संघाच्या चाली हॉलोवे ठरवत नाही, एझ्रा टकेट ठरवतो.’ आणि सगळं कसं पारदर्शक असावं म्हणून एझ्रा आणि हॉलोवे दोघांनाही सीसीत ठेवलं. पत्ते कॉलेजच्या वेबसाइटवर होते.

प्रणिता गॅसवर वांगं भाजत होती. मी तिला सगळं सांगितलं, हातवाऱ्यांसकट.

"पाठवलीस पण?" तिनं विचारलं.

"पाठवली."

"त्या एझ्राला आधी विचारलंस?"

"सीसीत आहे ना तो."

"सीसीत ठेवणं म्हणजे विचारणं नव्हे, सारंग." तिनं वांगं उलटं केलं. "आणि अशी मेल तू श्रीनिवास सरांच्या बॉसला करशील?"

"तो विषय वेगळा आहे."

"कसा काय?"

मी चिडलो. तिला म्हटलं, तुला अन्यायाची चाडच नाही. तिनं वांगं उतरवून सोलायला घेतलं. शाळेला सुट्टी असल्यानं अवनी सोफ्यावर लोळत होती, ती तेवढी तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "पपा, व्हाय यू शाउट? इट्स ओन्ली फुटबॉल, लाह." त्या दिवशीचं भरीत मी दोनदा वाढून घेतलं. उत्तम झालं होतं, पण ते सांगितलं नाही.

रविवारी सकाळी एझ्राचं उत्तर आलं. मी कोपऱ्यावरच्या कॉफी शॉपमध्ये कोपी, म्हणजे इथली दाट दुधाची कॉफी घेऊन बसलो होतो. अधीरपणे उघडलं. आभाराची मेल असणार याबद्दल मला शंका नव्हती, मी मनातल्या मनात ‘अरे, त्यात काय’ म्हणूनही टाकलं होतं.

त्यानं लिहिलं होतं: ‘तुम्ही पाहिलंत ते बरोबर आहे. चाली माझ्या आहेत. माझं काम इतक्या बारकाईनं आजवर कुणी पाहिलेलं नाही, तुमच्या क्लिप्स मी माझ्या बायकोलाही दाखवल्या. पण माझ्याकडे पदवी नाही, त्यामुळे मला कुठलीच समिती बोलावत नाही. ब्रेंटनं मला शब्द दिला होता की तो जाईल तिथे एक पूर्णवेळ जागा माझी. फेब्रुवारीत आम्हाला मूल होतंय आणि अर्धवेळ नोकरीला आरोग्य विमा नसतो. आज त्या बाईंनी ब्रेंटची मुलाखत रद्द केली. ब्रेंट माझा फोन घेत नाही. हे सगळं तुम्हाला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. पण तुम्ही मला एकदा विचारायला हवं होतं.’

मी ते तीनदा वाचलं. मग घाईघाईनं बाईंना लिहिलं की हॉलोवे नको तर नको, एझ्राला बोलवा, हवी तर मी हमी देतो. पुंगोलच्या कॉफी शॉपमधून मी ओहायोच्या माणसाची हमी देत होतो. दहा मिनिटांत उत्तर आलं. पदवीशिवाय नेमणूक करता येत नाही, नियम आहे. आपल्या प्रामाणिकपणाबद्दल समिती आभारी आहे. आम्ही आपल्या यादीतल्या चौथ्या नावाशी बोलतो आहोत.

कोपीवर साय धरली होती. मला माझी लाज वाटली, अगदी साधी, शाळेत वाटायची तशी. एझ्राला न्याय मिळावा असं मला वाटत होतं हे खोटं नव्हतं. पण हॉलोवेचा कागद हिसकावताना जो आनंद झाला होता तो एझ्रासाठी नव्हता. तिसऱ्या रांगेतून उठून मला एकदा स्टेजवर जायचं होतं, आणि मी दुसऱ्याच्या पायांनी गेलो.

उठलो आणि परत एलआरटीत बसलो. दुसऱ्या स्टेशनला फोन वाजला. श्रीनिवास सर.

"सारंग, रविवारी त्रास देतोय. सिडनीची नावं आज द्यायचीत रे. चारच जागा आहेत. तुझं घालू ना? म्हणजे तुझ्या सिस्टिमबिस्टिमचं तिथे प्रेझेंटेशन मीच करेन, तू मागे असशील. चालेल?"

"चालेल सर," मी म्हणालो. "घाला."

चाळीस सेकंदही लागले नाहीत. सर ‘गुड, गुड’ म्हणाले, वहिनींना आणि अवनीला विचारलं म्हणून सांग म्हणाले. मला आनंदच झाला होता, हे मी लपवणार नाही. अवनीची शाळा सुटणारच होती, पण आता कुठलीतरी शाळा होती. प्रणिताला मेसेज केला, ‘झालं. चाललोय आपण.’ तिनं नुसता हात जोडलेला इमोजी पाठवला. मग मिनिटभरानं, ‘एझ्राचं काय झालं?’

मी एझ्राची मेल उघडली. उत्तर लिहायला घेतलं. सीसीची ओळ रिकामी आहे ना, ते आधी तपासलं, दोनदा. ‘मला विचारायला हवं होतं’ असं लिहिलं. मग लिहिलं, ‘दुसऱ्याच्या मागे उभं राहायच्या ज्या सौद्याला तू हो म्हणाला होतास, तसल्याच सौद्याला मी आत्ता हो म्हणून आलोय. तुझा सौदा मात्र मी मोडला.’

गाडी फिरून पुन्हा पुंगोलला आली. दारं उघडली, माणसं उतरली. मेल अजून पाठवली नव्हती. मी उतरलो नाही.