खालचा पाईप

पॅनेल निघत नव्हतं आणि मी नवऱ्याला फोन करणार नव्हते. रविवारची अख्खी दुपार या दोन हट्टांपायी चालली होती.

पॅनेल म्हणजे मोटरसायकलच्या बाजूचं प्लॅस्टिकचं झाकण. उजव्या झाकणामागे रेडिएटरचा पंखा असतो आणि माझ्या गाडीचा तो पंखा गुरुवारपासून फिरत नव्हता. मी रक्ताचे नमुने पोचवते. सहा दवाखान्यांतून गोळा करायचे आणि दुपारी दोनच्या आत गावाच्या दुसऱ्या टोकाच्या प्रयोगशाळेत द्यायचे. शनिवारी सिग्नलला इंजिन इतकं तापलं, की गाडी बंद करून ढकलत न्यावी लागली. नमुने सतरा मिनिटं उशिरा पोचले. खिडकीतली बाई म्हणाली, "सोमवारी पुन्हा असं झालं ना, तर मला वरून दुसरं माणूस बघायला सांगतील." बाई वाईट नाही. खरं तेच बोलली.

कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्यानं वाकून बघितलं आणि सरळ हात टेकले. "पंख्याचं काम दहा मिनिटांचं हो. पण हा लोखंडी गार्ड आड येतोय. गार्ड इंजिनच्याच बोल्टांवर चढवलाय. तो काढला आणि इंजिन जरा खाली बसलं, तर बोल्ट परत भोकात जायचे नाहीत. बाजारातला दिसत नाही हा. ज्यानं बनवलाय त्यालाच बोलवा."

ज्यानं बनवलाय तो माझा नवरा. तीन वर्षांपूर्वी रस्त्यावर सांडलेल्या तेलावरून गाडी घसरली आणि माझ्या उजव्या पायावर पडली. मी प्लास्टर घालून पलंगावर होते, तेव्हा त्यानं त्याच्या वर्कशॉपमध्ये लोखंडी पाईप वाकवून हा गार्ड बनवला. पुढच्या वेळी गाडीचं वजन पाईपवर यावं, पायावर नको. माझं लंगडणं जायला वर्ष लागलं. मी पुन्हा कामावर जायला लागले आणि त्याच महिन्यात तो गेला. मेला नाही, गेला. मेला असता तर लोकांनी चार दिवस चौकशी तरी केली असती.

तो का गेला, हे मला ठाऊक होतं. एका रविवारी मी जेवताना त्याला म्हणाले होते, "तुझ्याशी बोलण्यापेक्षा भिंतीशी बोललेलं बरं. भिंत निदान माझ्याकडे बघते तरी." तो नेहमीसारखा मूग गिळून बसला. सहा दिवसांनी त्यानं बॅग भरली, दारात "काही लागलं तर फोन कर" म्हणाला आणि दुसऱ्या गावी काम धरलं. माझी मोठी बहीण म्हणाली, "उचलली जीभ, लावली टाळ्याला! तोंडानं घालवलास बघ त्याला." मलाही तसंच वाटत होतं. दोन वर्षं ते वाक्य मी भांडी घासताना, अंथरुणात, गाडी चालवताना हेल्मेटच्या आत परत परत बोलले. कधी जरा गोड करून, कधी अर्धंच, कधी बोलतच नाही असं. एवढं बोलून घालवलेल्या माणसाला "जरा गार्ड काढून दे" म्हणून बोलवायचं? अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. पण इथे गाढव कोण, तेच कळत नव्हतं.

म्हणून मी स्वतःच बसले. इमारतीखाली, पार्किंगमध्ये, जुनी चादर अंथरून. मोबाइलवर एक माणूस हेच पॅनेल सहा मिनिटांत काढून दाखवत होता. त्याच्या गाडीला गार्ड नव्हता आणि मोबाइल धरायला त्याच्याकडे कोणीतरी होतं. चार एलन बोल्ट काढले. दोन प्लॅस्टिकच्या क्लिपांची मधली पिन दाबून त्याही काढल्या. वरची कड बाहेर ओढल्यावर पॅनेलच्या मागचे खुंट रबरातून पट्कन सुटले. तिथपर्यंत सगळं व्हिडिओसारखं झालं. पुढे पॅनेल खाली सरकवायचं होतं आणि खाली गार्डचा पाईप होता. पॅनेलच्या खालच्या कडेची जीभ त्या पाईपच्या आत अडकायची. जरा जोर लावला की प्लॅस्टिक कुरकुरायचं आणि मी हात सोडायचे.

दुसऱ्या मजल्यावरचे काका गॅलरीत उभे होते. मी मनातल्या मनात त्यांना सल्लागार म्हणते. निवृत्त झाल्यापासून ते गॅलरीतून सगळी इमारत चालवतात.

"अगं, आधी मागची बाजू सोडव!"

"मागची सुटलीय काका."

"मग पुढची?"

"तीपण."

"मग कोणाला तरी धरायला सांग. दोघांचं काम आहे ते!"

"तुम्ही येता का?"

"माझे गुडघे, बाई," असं म्हणून ते आत गेले. मला हसू आलं आणि लगेच डोळ्यांत पाणीही आलं. एक हात पाईप बाजूला दाबायला, एक पॅनेल वाकवायला आणि एक खालून जीभ सोडवायला. तीन हात हवे होते. जिना चढून वर जावं आणि कोणाला तरी खाली घेऊन यावं, असं दार मला त्या इमारतीत एकही आठवेना.

शेवटी आडवी झाले आणि पाईप कुठे दबतोय का ते बोटांनी चाचपत गेले. मागच्या बाजूला, चिखलाच्या थराखाली, बोटाला धार लागली. फडक्यानं पुसलं. पाईप तिथे सलग नव्हता. एका पाईपचं चपटं केलेलं टोक दुसऱ्यावर टेकवलं होतं आणि त्या जोडात एकच बोल्ट होता. सीटखालच्या पिशवीतला दहा नंबरचा पाना त्याला बरोबर बसला. मी मागून नट धरायला डावा हात घातला, तर तिथे धरण्यासारखं काहीच नव्हतं. नट पाईपला आतून वेल्ड केलेला होता. बोल्ट एका हातानं सुटला, खालचा पाईप पुढच्या टोकावर बिजागरीच्या दारासारखा खाली झुकला आणि पॅनेल माझ्या मांडीवर आलं.

पंख्याच्या वायरचा जोड सुटून लोंबत होता. तो पुसला, घट्ट बसवला, इंजिन चालू केलं आणि तापायची वाट बघत बसले. बसल्या बसल्या त्या नटाकडे बघत होते. नवऱ्यानं शेकडो फाटकं आणि जाळ्या केल्या. त्याच्या कामात असा नट कधी नसायचा. त्याच्याकडे मागून धरायला नेहमी माणूस असायचा. कित्येकदा मीच असायचे. इथे त्यानं मुद्दाम वेळ खर्च करून, दुसरा माणूस लागू नये अशी सोय केली होती. आणि तेव्हा तर घरात आम्ही दोघं होतो.

पंखा फिरायला लागला. मी इंजिन बंद केलं आणि फोन लावला.

"बोल," तो म्हणाला. मागे ग्राइंडर चालू होता, तो थांबला.

"गार्डचा खालचा पाईप सुटतो," मी म्हणाले.

"हो. दहाचा पाना लागतो."

"सुटला. आतला नट वेल्ड का केलास?"

"धरायला कोणी नसलं की बोल्ट नुसता फिरत राहतो म्हणून."

"धरायला तू होतास ना तेव्हा."

 त्याचं गप्प राहणं मला पाठ होतं, पण या वेळी मी मध्ये तोंड घातलं नाही. शेवटी तो म्हणाला, "तू पडलीस ना, त्याच आठवड्यात सांगणार होतो तुला. माझं जायचं ठरलं होतं. मग तुझा पाय मोडला. तशा अवस्थेत कसं जाणार? म्हटलं, चालायला लागू दे."

"आणि मी ते भिंतीचं बोलले, ते?"

"कुठलं भिंतीचं?"

तो टाळत नव्हता. टाळताना त्याचा आवाज कसा होतो ते मला माहीत आहे. त्याला खरंच आठवत नव्हतं.

"काही नाही," मी म्हणाले.

"पाय कसा आहे आता?"

"बरा आहे. तू गेलास तेव्हाच बरा झाला होता."

"हं," तो म्हणाला. मग आम्ही फोन ठेवला.

मी पॅनेल लावलं, पाईप वर करून बोल्ट आवळला, क्लिपा दाबल्या. वीस मिनिटं लागली, आणि कुठेच दुसरा हात लागला नाही. चूक माझ्या जिभेची नव्हती, हे कळल्यावर हायसं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. दोन वर्षं मी रोज त्याच्याशी भांडत होते, त्याची माफी मागत होते, कधी त्याला परत आणून जेवायला बसवत होते. ते सगळं त्या एका वाक्यावर चाललं होतं. आणि ते वाक्य त्यानं ऐकलंच नव्हतं.

चादर झटकून मी वर गेले, कुलूप उघडलं. घरात आज पहिल्यांदाच कोणी नव्हतं.