थोरल्याचा भाग

"इथे जरा सावकाश, बाबा. घाई नको," ताई म्हणाली आणि तिने चहा गाळायला घेतला. "बाळा, तू नेहमी माझ्याजवळ आहेस. माझं जे आहे ते सगळं तुझंच आहे."

"बाळा, तू नेहमी माझ्याजवळ आहेस," बाबा भिंतीकडे बघत म्हणाले. "माझं जे आहे ते सगळं तुझंच आहे. आलं की मला. किती घोकून घेशील?"

"ऐन वेळी सगळ्यांसमोर अडखळलात म्हणजे?" असं म्हणून तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

बाबांची नजर अधू झाली होती. पुस्तक नाकाला लावलं तरी अक्षरं हलायची, म्हणून सगळं ऐकून पाठ करणं चाललं होतं. हा उद्योग नव्या पाळकसाहेबांनी लावून दिला होता. ईस्टरआधीचा उपवासकाळ म्हणजे चर्चमध्ये फुलं नाहीत, वेदीवर जांभळं कापड, गाणी खालच्या पट्टीतली. त्यात लोक डुलक्या काढतात हे पाळकसाहेबांनी पहिल्याच रविवारी ओळखलं. चौथ्या रविवारी येशूने सांगितलेला उधळ्या पुत्राचा दाखला वाचायचा होता. घर सोडून गेलेला धाकटा मुलगा सगळं उधळून परत येतो, बाप आनंदाने मेजवानी घालतो आणि इतकी वर्षं घरी राबलेला थोरला रुसून दाराबाहेर उभा राहतो, तेव्हा बाप त्याची समजूत काढतो. पाळकसाहेबांनी ठरवलं की या वेळी एकाने वाचायचं नाही, भाग वाटून घ्यायचे.

बापाचा भाग बाबांकडे आला, कारण मंडळीत सर्वांत भारदस्त दाढी त्यांची. धाकट्यासाठी तिघे जण हातघाईवर आले. थोरल्याचा भाग मात्र कुणी घेईना; देवाच्या घरी जाऊन रडतोंड्या कोण म्हणवून घेणार? शेवटी पाळकसाहेबांनी ताईला विचारलं आणि ती हो म्हणाली. मागच्या बाकावरच्या बायकांनी एकमेकींना कोपरखळ्या दिल्या. पाळकसाहेब नवे होते, त्यांना काही कळलं नाही.

कळण्यासारखं तसं घरोघरचंच होतं. ताई इस्पितळाच्या धुलाईघरात इस्त्रीवर होती. धाकटा भाऊ तिला ताई म्हणायचा, म्हणून बाबा म्हणू लागले, मग सगळी मंडळी. तो धाकटा ऐन विशीत दूर निघून गेला. आई गेली तेव्हाही आला नाही. गेल्या हिवाळ्यात एक बॅग घेऊन दारात उभा राहिला, तर बाबांनी त्याला आतली खोली दिली. आतली खोली ताईची होती. ती बाहेरच्या कोचावर झोपू लागली आणि त्याबद्दल कुणी काही बोललं नाही, तीसुद्धा.

धाकटा वाईट नव्हता. तोंडाने गोड, नकला करण्यात पटाईत. बाबांना तो इतका हसवायचा की त्यांना ठसका लागायचा. मग पाणी ताईने आणायचं. बाबांना आंघोळ घालणं, त्यांची नखं कापणं, डोळ्यांत थेंब घालणं हेही तिचंच. बाबा तिच्याशी बोलायचे ते पाणी कडत आहे, मीठ कमी आहे एवढंच. घरातल्या भिंतीचं कौतुक कोण करतं? भिंत असतेच.

म्हणून ते वाक्य. पहिल्या संध्याकाळी बाबा तिच्यामागून ते म्हणाले तेव्हा तिच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. तिला ठाऊक होतं की ते दाखल्यातल्या बापाचं आहे, बाबांचं नाही. तरी तिला ते पुन्हा ऐकावंसं वाटलं आणि याची तिला लाजही वाटली. बाबांचं पाठ होऊन गेलं तरी ती रोज काहीतरी खुसपट काढत राहिली. रविवारी ते भरल्या चर्चमध्ये, तिच्याकडे तोंड करून हे म्हणणार होते. एकदा चारचौघांत कानावर पडलं की पुरे, असं तिने मनाशी ठरवलं होतं. त्यापुढे कोचावर झोपायला तिची काही हरकत नव्हती.

रविवारी सगळं सुरळीत सुरू झालं. पश्चात्तापाची प्रार्थना झाली, स्तोत्र झालं आणि वाचणारे पुढे येऊन उभे राहिले. धाकट्याचा भाग घेतलेल्या सुताराने इतका गळा काढला की दोघी-तिघींनी रुमाल शोधले. बाबांनी दाढीला शोभेलशा आवाजात मेजवानीचा हुकूम सोडला, "हा माझा मुलगा मेला होता, तो जिवंत झाला. हरवला होता, तो सापडला."

त्याच वेळी मागचं दार करकरलं आणि तिचा भाऊ आत आला. आल्यापासून तो चर्चची पायरी चढला नव्हता. बाबांना तेवढ्या लांबचं दिसत नव्हतं, पण त्याचा खोकला त्यांनी ओळखला. त्यांची मान तिकडे वळली.

ताईचा भाग आला. इतकी वर्षं मी राबतो आहे, तुमचा शब्द कधी मोडला नाही, पण मित्रांबरोबर जेवायला मला साधं करडू कधी दिलं नाहीत, असं ते होतं. घरी ती ते कपड्यांची मोजदाद केल्यासारखं म्हणायची. इथेही तसंच म्हणाली.  आता बायकांपैकी कुणी कुणाला कोपर मारलं नाही.

तिने बाबांकडे तोंड केलं आणि वाट पाहिली.

बाबांचं तोंड अजून दाराकडेच होतं. ओठ हलले, थांबले. मग त्यांचा चेहरा उजळला आणि खणखणीत आवाजात ते म्हणाले, "हा माझा मुलगा मेला होता, तो जिवंत झाला. हरवला होता, तो सापडला."

एवढं म्हणून ते थांबले. मधलं वाक्य आलंच नाही. दाखल्यात बाप शेवटी जवळजवळ तेच शब्द पुन्हा म्हणतो, त्यामुळे काही गळलं हे फारसं कुणाला उमगलं नाही. पाळकसाहेबांनी क्षणभर वाट पाहिली आणि वाचन संपल्याचं सांगितलं. बाकीचे जागेवर गेले. ताई आणखी थोडा वेळ तिथेच उभी राहिली. मग बाबांना धरून बाकापर्यंत नेलं आणि त्यांच्या शेजारी बसली. आजाऱ्यांसाठी, प्रवाशांसाठी, एकट्या माणसांसाठी प्रार्थना झाल्या. प्रत्येक प्रार्थनेनंतर तिने सगळ्यांबरोबर 'आमेन' म्हटलं.

उपासना संपल्यावर लोकांनी बाबांना गराडा घातला. पाळकसाहेब म्हणाले, असा बाप त्यांनी आजवर ऐकला नव्हता. धाकटा कधीच बाहेर पडून रस्त्यापलीकडे कुणाशी तरी हसत-खिदळत उभा होता.

पायऱ्यांपाशी बाबांनी तिचा हात चाचपला.

"ताई, चुकलं नाही ना गं कुठे?"

"नाही, बाबा."

"मागे त्याला ऐकू गेलं असेल?"

"गेलं," ती म्हणाली. "शब्द न् शब्द."

बाहेर गार वारा सुटला होता. तिने त्यांच्या कोटाचं वरचं बटण लावलं, दाढी कॉलरमधून मोकळी केली आणि म्हणाली, "पायरी आहे, बाबा. जपून."