बिनढगाचं वादळ

ऑफिसात ती हवामान निरीक्षक, घरी मात्र अजून आईची 'ढगी'. तिच्या तिसऱ्या वर्षी सुतारकाम करणाऱ्या वडिलांना वादळानं उचलून नेलं, असं आईनं सांगितलं होतं, तेव्हापासून तिची मान वर ती वरच. कुठल्या दिवशी नेलं, ते आईनं कधी सांगितलं नाही. पण आईनंच त्याची गोष्ट केली: वादळावर बसून एक सुतार ढगांपलीकडच्या गावी जातो आणि पावसाला दारं-खिडक्या बसवतो.

आता ती गोष्ट मुलांच्या मासिकात छापून येणार होती. रविवारी सकाळी आईनं कागद पुढे सरकवले. "एवढी वादळांतली शहाणी ना तू? मग माझं वादळ तपासून दे."

ढगीनं लाल पेन्सिल काढली. "आई, हे चक्रीवादळ नव्हे. चक्रीवादळ शेकडो मैल पसरतं, एकट्या सुतारासाठी कशाला येईल? तुला हवाय टोर्नेडो. ढगातून सोंड उतरते ना, तो."

"मग तसं लिही. माझ्या बापाचं काय जातंय!"

"त्याला भलामोठा गडगडाटी ढग लागतो. नुसत्या उन्हात उठते ती वावटळ. ती पाचोळा उडवेल, फार तर कुणाची टोपी."

पुढच्या ओळीत सुताराच्या मागे दाराची कडी आपोआप लागत होती. ढगीला हसू फुटलं. तिनं समासात लिहिलं: वादळ दार मोडतं, कडी लावत नाही. ऑफिसात आकाशाचे आठ भाग कल्पून ढग मोजतात. त्याच सवयीनं तिनं मान वर न करता विचारलं, "ढग किती भाग होते?"

"एकसुद्धा नाही," शेंगा सोलता सोलता आई म्हणाली. "लख्ख ऊन होतं. दोरीवरची चादरही हलत नव्हती. हत्यारांची पेटी उचलली, कडी लावली आणि..."

आईच्या हातातली शेंग तशीच राहिली.

वीस वर्षं ढगी वारे मोजत होती आणि घरातला एक साधा माणूस तिच्या मापातून निसटला होता. म्हणजे बाबा कुठेतरी जिवंत असतील? तिला आनंद झाला, आणि लगेच त्या आनंदाचाच राग आला. आईवर चिडावं, तर आईनं तिला बापाऐवजी अख्खं आभाळ दिलं होतं. हसावं की रडावं, तिला कळेना. तिनं समासातली ओळ खोडली, पुन्हा लिहिली, पुन्हा खोडली.

"फार चुकलंय का गं?" आईनं हळूच विचारलं. "ढग घालू?"

"घाल."

"किती?"

"आठही भाग."

आईनं तसं लिहून घेतलं. मग पेन उचलून ती थांबली. "आणि कडी?"

ढगीनं खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर लख्ख ऊन होतं.

"कडी राहू दे," ती म्हणाली.